कार्यालयातील प्रिंटर आणि कागदपत्रांची सायबर सुरक्षा : नव्याने जबाबदारी घेणाऱ्यांसाठी

बहुतेक कार्यालयांत संगणकांवर अँटिव्हायरस असतो, ईमेल उघडताना मोबाइलवर ओटीपी येतो आणि सर्व्हरच्या खोलीला कुलूप असते. त्याच कार्यालयातल्या मोकळ्या जागेत, येता-जाता कुणीही हात लावू शकेल असा प्रिंटर मात्र कारखान्यातून आला त्याच पासवर्डवर वर्षानुवर्षे चालू असतो. टोनर संपला की तो प्रशासन विभागाचा, कागद अडकला की सर्व्हिस इंजिनिअरचा, नेटवर्कला जोडायचा असला की आयटी विभागाचा आणि भाड्याने घेतलेला असला की पुरवठादाराचा असतो. सुरक्षेचा विषय निघाला की तो कुणाचाच नसतो. प्रिंटरच्या बाबतीत जे धोके उद्भवतात, त्यांपैकी बहुतेकांचे मूळ तंत्रज्ञानात नसून या बेवारस अवस्थेत असते, असे माझे मत आहे. म्हणून पुढच्या कोणत्याही पायरीआधी एका व्यक्तीचे नाव लेखी ठरवून घ्यावे. ती व्यक्ती तुम्ही असाल आणि हे काम तुम्हाला नवे असेल, तर पुढील पायऱ्या दिलेल्या क्रमानेच कराव्यात. ज्या कामांना खर्च नाही आणि ज्यांनी सर्वाधिक फरक पडतो, ती आधी घेतली आहेत.

धोका नेमका कशाचा?

आजच्या प्रिंटरमध्ये प्रोसेसर, मेमरी, स्वतःची ऑपरेटिंग सिस्टीम आणि एक छोटा वेब सर्व्हर असतो. मोठ्या बहुउपयोगी मशीनमध्ये, म्हणजे ज्याला आपण सरसकट झेरॉक्स मशीन म्हणतो त्यात, बहुधा हार्ड डिस्कही असते. त्यामुळे संगणकाला असलेले सगळे धोके प्रिंटरलाही असतात. फक्त त्यावर नजर ठेवणारे कुणी नसते.

या धोक्याची तीन रूपे आहेत. पहिले म्हणजे त्यातून जाणारा किंवा त्यात साठलेला मजकूर बाहेर जाणे. दुसरे म्हणजे प्रिंटरवर ताबा मिळवून तिथून बाकीच्या नेटवर्कमध्ये शिरणे. २०१९ मध्ये मायक्रोसॉफ्टने अशा एका मोहिमेची माहिती जाहीर केली होती. त्यात हल्लेखोरांनी इंटरनेट फोन, व्हिडिओ डिकोडर आणि कार्यालयीन प्रिंटर यांच्यामार्फत संस्थांच्या नेटवर्कमध्ये प्रवेश मिळवला होता. त्यांतल्या दोन ठिकाणी उपकरणावर मूळचाच पासवर्ड होता आणि एका ठिकाणी सुरक्षेचा ताजा अपडेट टाकलेला नव्हता.

तिसरे रूप कमी बोलले जाते, ते म्हणजे छपाईतच ढवळाढवळ. फेब्रुवारी २०१६ मध्ये बांगलादेश बँकेवर झालेल्या हल्ल्यात पैसे वळवण्याच्या व्यवहारांची छापील नोंद कर्मचाऱ्यांच्या हाती पडू नये, अशी तजवीज हल्लेखोरांच्या सॉफ्टवेअरने केली होती. प्रिंटर चालत नाही हे लक्षात आले तेव्हा तो नेहमीचाच बिघाड वाटला. तोवर सुमारे ८ कोटी १० लाख डॉलर फिलिपीन्समधील खात्यांत पोहोचले होते. महत्त्वाच्या कामाचा प्रिंटर अचानक गप्प झाला, तर ती केवळ दुरुस्तीची तक्रार मानून सोडून देऊ नये.

पायरी १ : यादी करा

कार्यालयातील प्रत्येक मशीनपाशी स्वतः जा. जवळपास प्रत्येक नेटवर्क प्रिंटरच्या मेनूमध्ये ‘कॉन्फिगरेशन पेज’ किंवा ‘नेटवर्क रिपोर्ट’ छापण्याची सोय असते. त्या एका कागदावर मॉडेल, सिरीयल नंबर, फर्मवेअरची (म्हणजे मशीनमध्येच बसवलेल्या सॉफ्टवेअरची) आवृत्ती, आयपी अ‍ॅड्रेस आणि चालू असलेल्या सेवा अशी कामाची बहुतेक माहिती मिळते. त्यावरून एक तक्ता तयार करून त्यात मशीन कुठे आहे, विकतचे की भाड्याचे, हार्ड डिस्क आहे का, फॅक्सची तार जोडलेली आहे का आणि देखभालीचा करार कुणाशी आहे, या गोष्टींची भर घाला. लेबल छापणारी, बारकोडची आणि एखाद्या केबिनमध्ये कुणी परस्पर आणून जोडलेली छोटी मशीन यादीतून सुटतात. त्यांच्याकडे खास लक्ष द्या.

पायी फिरून केलेली यादी नेटवर्कवर पडताळायची असेल, तर एनमॅपसारख्या नेटवर्क तपासणाऱ्या साधनाने ९१००, ५१५ आणि ६३१ या छपाईच्या पोर्टवर (उपकरणाच्या क्रमांकित दारांवर) कोण उत्तर देते ते पाहता येते. त्यासाठी वरिष्ठांची लेखी परवानगी आधी घ्यावी. इथे एक सावधगिरी हवी. पोर्ट ९१०० वर जे काही पाठवले जाते ते प्रिंटर निमूटपणे छापू लागतो; म्हणूनच एनमॅपची आवृत्ती-तपासणी ९१०० ते ९१०७ हे पोर्ट मुळातच वगळते. ते बंधन काढून तपासणी चालवली, तर प्रत्येक मजल्यावर अगम्य अक्षरांच्या कागदांचा ढीग पडतो आणि दिवसभर फोन घ्यावे लागतात.

पायरी २ : अ‍ॅडमिन पासवर्ड बदला

यादीतला एक आयपी अ‍ॅड्रेस ब्राउझरमध्ये टाका. प्रिंटरचे स्वतःचे वेब पान उघडेल. कोणताही पासवर्ड न देता तिथे काय काय दिसते ते आधी नीट पाहा, कारण नेटवर्कवरच्या प्रत्येकाला तेवढे दिसते आहे. अनेक मशीनवर अलीकडे छापलेल्या कामांची यादी खुली असते. फाइलचे नाव, पाठवणाऱ्याचे नाव, वेळ आणि पानांची संख्या एवढेच त्यात असते. पण फाइलचे नाव ‘कर्मचारी कपात – अंतिम यादी’ असेल, तर आतले पान वाचायची गरज उरत नाही.

मूळचा पासवर्ड मशीनच्या माहितीपुस्तिकेत आणि इंटरनेटवर सर्वांना उपलब्ध असतो. काही कंपन्या प्रत्येक मशीनला वेगळा पासवर्ड देऊन तो मागच्या स्टिकरवर छापतात, आणि मग तो बदलण्याची गरज नाही असा समज होतो. जून २०२५ मध्ये रॅपिड७ या सुरक्षा संस्थेने या समजाला धक्का देणारी माहिती प्रसिद्ध केली. ब्रदर कंपनीच्या ६८९ मॉडेलमध्ये हा मूळचा पासवर्ड सिरीयल नंबरवरून काढता येत होता आणि सिरीयल नंबर नेटवर्कवरून लॉगिन न करता मिळवता येत होता. आधीच विकल्या गेलेल्या मशीनमधला हा दोष फर्मवेअरने पूर्णपणे दुरुस्त होत नाही; पासवर्ड बदलणे हाच उपाय उरतो. तेव्हा स्टिकरवर काहीही छापलेले असो, पासवर्ड बदलाच.

नवा पासवर्ड लांब असावा आणि प्रत्येक मशीनला वेगळा असावा. काही जुन्या मशीनला ठरावीक लांबीपुढची अक्षरे चालत नाहीत आणि ती तसे सांगतही नाहीत. म्हणून बदल केल्यावर लगेच बाहेर पडून नव्या पासवर्डने पुन्हा आत जाऊन पाहा. पासवर्ड मशीनवर चिकटवू नका, पासवर्ड मॅनेजरमध्ये ठेवा. सर्व्हिस इंजिनिअरला तो लागला, तर तुमच्यासमोर स्वतः टाका आणि त्याचे काम झाल्यावर बदला. मशीनच्या समोरच्या पॅनेलवरील सेटिंगच्या मेनूला वेगळा पिन असतो. तोही याच वेळी लावून घ्या. एसएनएमपी ही देखरेखीची सेवा चालू असेल आणि तिचा परवलीचा शब्द अजूनही ‘पब्लिक’ असेल, तर तो बदला किंवा शक्य असल्यास एसएनएमपीची तिसरी आवृत्तीच वापरा.

पायरी ३ : प्रिंटर इंटरनेटवर उघडा नाही ना, ते पाहा

कार्यालयाबाहेरून प्रिंटरपर्यंत थेट पोहोचता येण्याचे कोणतेही पटण्याजोगे कारण नाही. तरीही असे उघडे प्रिंटर जगात हजारोंनी सापडतात. फेब्रुवारी २०१७ मध्ये एका हॅकरने दीड लाखाहून अधिक प्रिंटरवर स्वतःचा संदेश छापल्याचा दावा केला होता. २०२० मध्ये सायबरन्यूजच्या संशोधकांनी इंटरनेटवर उघड्या असलेल्या ५० हजार प्रिंटरना प्रिंटरच्या सुरक्षेवरची एक लहानशी मार्गदर्शिका पाठवली, आणि २७,९४४ प्रिंटरनी ती छापून दिली.

तुमच्या राउटरमध्ये पोर्ट फॉरवर्डिंगची यादी उघडा. त्यात ९१००, ५१५, ६३१ किंवा प्रिंटरच्या वेब पानासाठी ८० आणि ४४३ हे पोर्ट प्रिंटरच्या पत्त्याकडे वळवलेले असतील, तर ती नोंद काढून टाका. यूपीएनपी ही सोय उपकरणांना राउटरवर आपणहून दार उघडू देते. तीही बंद करा. घरून काम करणाऱ्यांना कार्यालयात छपाई करायचीच असेल, तर ती व्हीपीएनमधूनच, म्हणजे कार्यालयाच्या नेटवर्कशी जोडणाऱ्या सुरक्षित मार्गानेच, व्हावी.

आतल्या नेटवर्कमध्ये आदर्श मांडणी अशी, की सर्व प्रिंटर एका वेगळ्या व्हीलॅनमध्ये (म्हणजे त्याच नेटवर्कमध्ये आखलेल्या स्वतंत्र भागात) असावेत, संगणकांनी प्रिंट सर्व्हरकडे (छपाईची कामे गोळा करून पुढे पाठवणाऱ्या सर्व्हरकडे) काम पाठवावे आणि प्रिंटरशी फक्त प्रिंट सर्व्हरने बोलावे. उलट दिशेने प्रिंटरला मेल सर्व्हर, स्कॅनचा फोल्डर आणि घड्याळ जुळवणारा सर्व्हर एवढ्यांपर्यंतच जाता यावे. कर्मचाऱ्यांच्या संगणकांशी प्रिंटरने आपणहून संपर्क साधण्याची गरज नसते, आणि हा मार्ग बंद केल्याने प्रिंटर हातचा गेला तरी हल्ला तिथेच अडतो.

दहा-बारा माणसांच्या कार्यालयात व्हीलॅन करणारा स्विच आणि तो सांभाळणारा माणूस दोन्ही नसतात. तिथे पाहुण्यांचे वाय-फाय वेगळे करावे, आणि प्रिंटरच्याच सेटिंगमध्ये कोणत्या पत्त्यांवरून काम स्वीकारायचे याची यादी भरता येत असेल, तर ती भरावी. वाय-फाय डायरेक्ट ही सोय तेवढी न विसरता बंद करावी, कारण तिच्यामुळे प्रिंटर स्वतःचेच एक वेगळे वाय-फाय नेटवर्क चालवत असतो आणि वरची सगळी मांडणी वळसा घालून टाळता येते.

पायरी ४ : न लागणाऱ्या सेवा बंद करा

नवा प्रिंटर जास्तीत जास्त प्रकारच्या संगणकांशी जुळावा म्हणून कारखान्यातून सर्व सेवा चालू ठेवूनच येतो. टेलनेट आणि एफटीपी या जुन्या, असुरक्षित सेवा निश्चिंतपणे बंद करता येतात. एलपीडी (पोर्ट ५१५ वरची जुनी छपाई सेवा) आणि पोर्ट ९१०० बंद करण्याआधी त्यांवर कोणते जुने सॉफ्टवेअर अवलंबून आहे ते विचारून घ्या. लेखा विभागातली एखादी जुनी प्रणाली हमखास निघते. पोर्ट ९१०० वरून जाणारा मजकूर सांकेतिक रूपात नसतो, त्यामुळे वाटेत कुणी तो टिपला तर पूर्ण दस्तऐवज पुन्हा उभा करता येतो. जिथे शक्य असेल तिथे आयपीपी ही छपाईची पद्धत टीएलएससह (मजकूर सांकेतिक करून पाठवणाऱ्या जोडणीसह) वापरावी आणि वेब पानही फक्त एचटीटीपीएसवर उघडेल असे करावे. एका वेळी एकच सेवा बंद करा, तारीख लिहून ठेवा आणि एक पूर्ण कामाचा दिवस जाऊ द्या. सगळे एकदम बंद केले, तर काय कशामुळे अडले ते शोधणे अवघड होते आणि शेवटी सगळेच पुन्हा चालू केले जाते.

पायरी ५ : फर्मवेअर आणि संगणकावरची बाजू

फर्मवेअर अद्ययावत ठेवणे किती गरजेचे आहे ते एका उदाहरणावरून कळते. २०२१ मध्ये एफ-सिक्युअरच्या संशोधकांनी एचपीच्या १५० हून अधिक बहुउपयोगी मॉडेलमधील दोष उघड केले. कर्मचाऱ्याने नुसते एखादे घातक वेब पान उघडले, तरी त्या पानाकडून नेटवर्कमधल्या प्रिंटरला खास बनवलेला दस्तऐवज छापायला लावून मशीनवर ताबा मिळवणे त्यामुळे शक्य होते. म्हणजे प्रिंटर इंटरनेटपासून दूर ठेवला, तरी फर्मवेअरमधला दोष राहिल्यास धोका संपत नाही. फर्मवेअर आणि ड्रायव्हर उत्पादकाच्याच संकेतस्थळावरून घ्यावेत. ‘सर्व प्रिंटरचे ड्रायव्हर’ देणाऱ्या संकेतस्थळांच्या वाटेलाही जाऊ नये.

इथे एक व्यवहाराची अडचण प्रामाणिकपणे मांडायला हवी. काही प्रिंटरच्या अपडेटनंतर इतर कंपन्यांचे किंवा पुन्हा भरलेले कार्ट्रिज चालेनासे होते, आणि त्या भीतीने अनेक कार्यालये अपडेट कायमचे बंद ठेवतात. हा सौदा तोट्याचा आहे. अपडेटसोबतची टिपणे वाचा, आधी एका मशीनवर करून पाहा, आणि पुढची खरेदी करताना कार्ट्रिजबाबतचे धोरण विचारूनच मॉडेल निवडा. उत्पादकाने ज्या मॉडेलचे सुरक्षा अपडेट थांबवले आहेत, ते छपाई कितीही चांगली करत असले तरी नेटवर्कवरून काढून यूएसबीने एकाच संगणकाला जोडावे किंवा बदलावे.

संगणकाच्या बाजूला प्रिंट स्पूलर असतो, म्हणजे छपाईची कामे रांगेत लावणारी सेवा. २०१० मध्ये उघडकीला आलेल्या स्टक्सनेट या घातक सॉफ्टवेअरने पसरण्यासाठी वापरलेल्या दोषांपैकी एक विंडोजच्या याच सेवेत होता. २०२१ च्या ‘प्रिंटनाइटमेअर’ दोषाने तर स्पूलरमार्फत संगणकावर सर्वोच्च अधिकार मिळवता येत होते, आणि त्यासाठी मायक्रोसॉफ्टने जुलै २०२१ मध्ये नेहमीच्या वेळापत्रकाबाहेर दुरुस्ती दिली. त्यावरून दोन नियम घ्यावेत. ज्या सर्व्हरवरून छपाई होत नाही, विशेषतः डोमेन कंट्रोलर (सर्वांची लॉगिन खाती सांभाळणारा सर्व्हर), तिथे स्पूलर बंद ठेवावा. आणि प्रिंटरचा नवा ड्रायव्हर टाकण्याचा अधिकार फक्त अ‍ॅडमिनला असावा.

पायरी ६ : स्कॅन, अ‍ॅड्रेस बुक आणि त्यात दडलेले पासवर्ड

नव्या माणसाच्या हातून सर्वाधिक सुटणारी जागा हीच आहे. स्कॅन केलेला कागद थेट सर्व्हरवरच्या फोल्डरमध्ये किंवा ईमेलवर जावा, यासाठी मशीनमध्ये कुणाचे तरी युजरनेम आणि पासवर्ड भरून ठेवलेले असतात. मशीन बसवताना घाईत जो पासवर्ड हाताशी होता तोच भरला जातो, आणि तो पुष्कळदा सर्व्हरच्या अ‍ॅडमिनचा असतो.

वेब पानावर तो पासवर्ड ठिपक्यांच्या रूपात दिसतो, म्हणून सुरक्षित वाटतो. पण हल्लेखोराला ठिपक्यांमागचे वाचायची गरजच नसते. तो प्रिंटरच्या वेब पानावर मूळच्या पासवर्डने शिरतो, सर्व्हरच्या पत्त्याच्या रकान्यात स्वतःच्या संगणकाचा पत्ता टाकतो, पासवर्डचा रकाना आहे तसाच ठेवतो आणि ‘कनेक्शन तपासा’ हे बटण दाबतो. प्रिंटर आज्ञाधारकपणे साठवलेला पासवर्ड त्या नव्या पत्त्याला सादर करतो. याला पास-बॅक हल्ला म्हणतात. फेब्रुवारी २०२५ मध्ये झेरॉक्स कंपनीच्या व्हर्सालिंक मालिकेतील एका मशीनमध्ये हा प्रकार शक्य असल्याचे जाहीर झाले आणि कंपनीने त्यासाठी फर्मवेअर दिले. चांगल्या मशीनमध्ये सर्व्हरचा पत्ता बदलला की पासवर्ड पुन्हा विचारला जातो. तुमच्याकडचे मशीन तसे करते का, हे स्वतः पाहून घ्या.

उपाय सोपा आहे. स्कॅनसाठी एक स्वतंत्र खाते तयार करा आणि त्याला फक्त एकाच फोल्डरमध्ये फाइल लिहिण्याचा अधिकार द्या. त्या खात्याने कोणत्याही संगणकावर लॉगिन करता येऊ नये. मग तो पासवर्ड हाती लागला तरी हल्लेखोराच्या पदरात फारसे काही पडत नाही. त्या फोल्डरमधल्या फाइल ठरावीक दिवसांनी आपोआप हटतील अशी सोय करा, कारण सर्वांचे पगारपत्रक, करार आणि ओळखपत्रांचे स्कॅन एकाच सामायिक फोल्डरमध्ये वर्षानुवर्षे पडून राहणे हीच एक गळती आहे. मशीन इतके जुने असेल की त्याला एसएमबीची (नेटवर्कवर फाइलची देवघेव करण्याच्या पद्धतीची) पहिली आवृत्तीच लागते, तर त्याच्यासाठी सर्व्हरवर ती चालू करू नका. २०१७ मध्ये वॉनाक्राय हा खंडणी मागणारा व्हायरस याच आवृत्तीतल्या दोषातून पसरला होता. अशा मशीनवरून स्कॅन यूएसबी पेन ड्राइव्हवर किंवा ईमेलवर घेणे परवडले.

ईमेलवर स्कॅन पाठवताना मशीनला फक्त आपल्या संस्थेच्या पत्त्यांवरच पाठवता येईल असे बंधन घाला आणि मेल सर्व्हरशी जोडणी टीएलएसने करा. याची दुसरी बाजू फसव्या ईमेलची आहे. ‘कार्यालयातील स्कॅनरवरून आलेला दस्तऐवज’ अशा विषयाचे बनावट ईमेल अगदी नेहमीचे झाले आहेत, कारण खरा स्कॅनरही तसाच रुक्ष ईमेल पाठवतो. मशीनच्या ईमेलचा विषय आणि पाठवणाऱ्याचे नाव स्वतः ठरवून भरा, आणि सर्वांना कळवा की खरा स्कॅन याच पत्त्यावरून, पीडीएफ जोडूनच येतो. त्यात लिंक, झिप किंवा एचटीएमएल फाइल असणार नाही, आणि तुम्ही मशीनपाशी गेलाच नसाल तर तो तुमचा नाहीच.

पायरी ७ : कागद

ट्रेवर पडून राहिलेला कागद वाचायला कोणतेही कौशल्य लागत नाही. यावरचा सर्वांत चांगला उपाय म्हणजे मशीनपाशी जाऊन पिन टाकल्यावर किंवा ओळखपत्र टेकवल्यावरच छपाई सुरू होणे. बहुतेक कार्यालयीन प्रिंटरच्या ड्रायव्हरमध्ये ‘सिक्युअर प्रिंट’ किंवा अशाच नावाने ही सोय आधीपासून असते. वेगळे पैसे लागत नाहीत. मनुष्यबळ, लेखा आणि कायदा या विभागांसाठी ती सक्तीची करा. न काढलेली कामे काही तासांनी आपोआप पुसली जातील अशी मुदत घाला, नाहीतर प्रिंटरच्याच मेमरीत त्यांचा साठा होतो.

पिन लावूनही एक फट राहते. कागद अडकला, माणूस वैतागून दुसऱ्या मशीनवर गेला आणि तिथून प्रिंट काढून घेतली. तासाभराने कुणीतरी अडकलेला कागद ओढून काढतो, आणि मशीन उरलेली पाने आपणहून छापू लागते. ती पाने मग त्या भलत्याच माणसासमोर ट्रेमध्ये पडतात. मशीन सोडून जाण्याआधी आपले काम पॅनेलवरून रद्द करायचे, हा नियम प्रत्येक प्रिंटरजवळ लिहून लावण्याजोगा आहे.

पाठकोरे कागद पुन्हा वापरण्याची सवय चांगली आहे, पण गोपनीय पानांच्या पाठीवर बैठकीची टिपणे काढली गेली की तेच कागद कार्यालयाबाहेर जातात. पाठकोऱ्यांचा गठ्ठा आणि नष्ट करायच्या कागदांची बंद पेटी वेगळी ठेवा. श्रेडर घेताना त्यावरची श्रेणी पाहा: डीआयएन ६६३९९ या मानकात कागदासाठी पी-१ ते पी-७ अशा श्रेणी आहेत. नुसत्या लांब पट्ट्या कापणारी मशीन खालच्या श्रेणीत येतात आणि त्या पट्ट्या चिकाटीने जुळवता येतात. पी-४ मध्ये तुकड्याचे क्षेत्रफळ जास्तीत जास्त १६० चौरस मिलिमीटर असते. सर्वसाधारण गोपनीय कागदांसाठी तेवढे पुरते.

पीडीएफमधला मजकूर झाकण्याबाबतही इथेच सांगितले पाहिजे. मजकुरावर काळी चौकट ओढल्याने खालची अक्षरे जात नाहीत. निवडून दुसरीकडे पेस्ट केली की ती वाचता येतात. जानेवारी २०१९ मध्ये अमेरिकेतील डोनाल्ड ट्रम्प यांचे माजी प्रचारप्रमुख पॉल मॅनफोर्ट यांच्या वकिलांनी न्यायालयात दिलेल्या कागदपत्रात नेमके हेच घडले. रिडॅक्शनची (मजकूर कायमचा काढून टाकण्याची) सोय असलेले सॉफ्टवेअर वापरावे आणि पाठवण्याआधी झाकलेला भाग स्वतः निवडून, पेस्ट करून पाहावा. कागदावर मार्करने खोडून स्कॅन करणेही पुरेसे नाही, कारण स्कॅन उजळ केला की शाईखालची अक्षरे बरेचदा उमटतात; खोडलेल्या पानाची झेरॉक्स काढून तीच स्कॅन करावी आणि तीही उजळ करून तपासावी.

पायरी ८ : संशयास्पद काही दिसले तर

कुणीही न पाठवलेली पाने छापली जाणे, सेटिंग किंवा अ‍ॅड्रेस बुक आपोआप बदललेले असणे, पानांचा आकडा रात्रीत वाढणे, अ‍ॅडमिन पासवर्ड अचानक न चालणे, ही लक्षणे आहेत. अशा वेळी नेटवर्कची तार काढा आणि वाय-फाय बंद करा, पण वीज बंद करू नका. तपासाला उपयोगी पडणारी काही माहिती चालू मेमरीतच असते आणि वीज जाताच ती जाते. पॅनेलचे फोटो घ्या, छापली गेलेली पाने जपून ठेवा आणि आयटी विभागाला लगेच कळवा. मशीनमध्ये साठवलेला प्रत्येक पासवर्ड फुटला असे धरून बदला. तपास झाल्यावर फॅक्टरी रिसेट करून फर्मवेअर नव्याने टाकल्याशिवाय मशीन पुन्हा जोडू नये. तपास करता यावा म्हणून प्रिंटरच्या नोंदी स्वतंत्र सर्व्हरवर जमा होतील अशी व्यवस्था आधीच केलेली असावी. मशीनमधली नोंद हल्लेखोर पुसू शकतो.

पायरी ९ : मशीन परत देताना, विकताना किंवा टाकताना

२०१० मध्ये अमेरिकेतील सीबीएस न्यूजने वापरलेली काही झेरॉक्स मशीन विकत घेतली. त्यांतल्या एकाच्या हार्ड डिस्कवर अफिनिटी हेल्थ प्लॅन या आरोग्यविमा संस्थेच्या ग्राहकांची वैद्यकीय माहिती निघाली. संस्थेच्या अहवालानुसार याचा परिणाम ३,४४,५७९ जणांपर्यंत होऊ शकत होता, आणि २०१३ मध्ये तिला १२,१५,७८० डॉलर भरून प्रकरण मिटवावे लागले. ती मशीन भाडेकरार संपल्यावर नेहमीच्या पद्धतीने परत दिली गेली होती, डिस्क तेवढी कुणी पुसली नव्हती.

म्हणून मशीन घेतानाच डिस्कवरचा मजकूर एन्क्रिप्ट करण्याची, म्हणजे किल्लीशिवाय वाचता न येणाऱ्या सांकेतिक रूपात ठेवण्याची, सोय चालू करा. मग शेवटी किल्ली नष्ट केली की मजकूर वाचता येत नाही. ती सोय नसेल, तर मशीनच्या मेनूतील डिस्क पुसण्याचा पर्याय वापरा. एसएसडी असेल तर साधे पुनर्लेखन भरवशाचे नसते, तिथे उत्पादकाने दिलेली सुरक्षित पुसण्याची पद्धतच घ्यावी. अतिशय गोपनीय काम करणाऱ्या कार्यालयांनी डिस्क काढून स्वतःकडे ठेवावी आणि नष्ट करून घ्यावी. भाड्याच्या मशीनची डिस्क काढण्याचा हक्क नंतर मागून मिळत नाही, तो करारातच लिहून घ्यावा लागतो. वॉरंटीत डिस्क बदलली गेली, तर जुनी डिस्क कुठे जाते हेही त्याच करारात असावे. प्रत्येक डिस्कचा सिरीयल नंबर, ती पुसल्याची किंवा नष्ट केल्याची तारीख आणि सही यादीत नोंदवा.

हार्ड डिस्क नसलेले छोटे प्रिंटरही मोकळे नसतात. त्यांत वाय-फायचा पासवर्ड, अ‍ॅड्रेस बुक आणि ईमेल खात्याचे तपशील राहतात. जुलै २०२३ मध्ये कॅनननेच कळवले होते, की त्यांच्या काही इंकजेट मॉडेलमध्ये नेहमीच्या रिसेटने वाय-फायची माहिती पुसली जात नाही. त्यासाठी सर्व सेटिंग रिसेट करून, वायरलेस लॅन चालू करून, पुन्हा एकदा सर्व सेटिंग रिसेट करावी लागतात. रिसेट झाल्यावर मशीनमधून कॉन्फिगरेशन पेज पुन्हा छापा, त्यावर तुमच्या नेटवर्कचे नाव कुठे उरले नाही ना ते पाहा, आणि मगच मशीन बाहेर जाऊ द्या.